धबधब्यापासून अठरा मैल

३ ऑगस्ट १९३१, सोमवार. बीड.
कोर्टात निजामी फसली सनाच्या तारखा लिहून हात विटला. घरच्या वहीत इंग्रजी तारीख घालणार.

नगरहून सुंदररावांचे पत्र. सुंदरराव म्हणजे रिटायर्ड ओव्हरसियर, इंग्रजी हद्दीतले वजनदार गृहस्थ. मुलगा पुण्याला शेतकी कॉलेजात. आमच्या अंजनासाठी तिकडे बोलणे लावले आहे. लिहितात, नारळी पौर्णिमेला सहकुटुंब मोटारीने सौताड्याचा धबधबा पाहायला येतो, त्याच फेरीत मुलगीही पाहू. मुक्काम कुठे सोयीचा पडेल ते कळवावे.

हे काम माझे. मुक्काम मी निवडणार, स्वतःच्या मोटारीतून जाऊन, प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून. ह्यात बायकोचे ऐकायचे नाही.

मोटार घेऊन दोन महिने झाले. उत्तम चालवतो. रिव्हर्स तेवढा अजून घेत नाही. येत नाही असे नव्हे. पुढे जाणाऱ्या माणसाला त्याचे काम पडत नाही.

४ ऑगस्ट.
केशरबाईंना (म्हणजे सौ.ला) पत्र वाचून दाखवले. चूक झाली. म्हणाली, घरीच उतरवा की, रानात कावून नेता. आमच्या घरात पाऊल टाकले की आधी म्हैस दिसते. नंतर म्हशीचे शेण. नंतर त्या शेणावरून चालत आलेले आमचे नातेवाईक. ओव्हरसियरला हे दाखवायचे?

मग म्हणाली, नाहीतर सौताड्याला रहेमतबीकडे उतरवा. रहेमतबी तिच्या माहेरची शेजारीण, बैलगाड्यांचा धंदा करणाऱ्याची विधवा. माहेरचे आता तिकडे कुणी उरले नाही, पण ही बाई अजून दर संक्रांतीला तीळ पाठवते. तिळात खडे असतात. ऐकून घेतले.

७ ऑगस्ट, शुक्रवार.
कोर्टाला सुट्टी. इन्स्पेक्शन नंबर एक. सोबत मैनुद्दीन मिस्त्री. बीडात पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. हात कायम तेलकट, त्याच हाताने खातो. नमाज वाटेत पढेन म्हणाला.

आधी सडकेवरचा मुसाफिरबंगला. कौले शाबूत, पाणी जवळ. पण आत गेलो आणि किळस आली. कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, जुन्यांवर नव्या. खाटेवर शेळीच्या लेंड्या. चौकीदाराने आमच्यादेखत त्या हाताने झटकल्या आणि त्याच हाताने मला सलाम केला. म्हणाला, आत्ता सारवून देतो, साहेब, उद्या येऊन बघा, आरशावानी करतो.

फाटकापासून बंगल्यापर्यंत अरुंद बोळ, शेवटी भिंत. आत गेलेली मोटार बाहेर कशी यायची हा प्रश्न मी मैनुद्दीनला विचारला. "रिव्हर्स घ्यायची," म्हणाला. मी म्हणालो, मुद्दा लेंड्यांचा आहे. बंगला नापास.

पुढे शफीचे हॉटेल. पाटीवर हॉटेल लिहिले आहे म्हणून हॉटेल म्हणायचे. भज्यांवर माश्या, माश्या हाकायला शफीचे फडके, आणि ते फडके पाहून मला माश्यांची दया आली. मागे एक खोली आहे, राहायला देतो म्हणाला. खोलीत कांद्याची पोती, निम्मे कांदे सडलेले. कपाच्या कडेला आधीच्या माणसाचे ओठ. मी प्यालो नाही. मैनुद्दीनने तीन कप घेतले आणि चहा लई फर्स्ट क्लास हाय म्हणाला.

नापास.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.
इन्स्पेक्शन नंबर दोन. थेट सौताडा. झिमझिम पाऊस, दाट धुके. धबधबा ऐकू आला, दिसला नाही. दरीच्या काठापर्यंत चिखल होता म्हणून पुढे गेलो नाही. धबधबा कुठे पळून जात नाही, आधी मुक्काम ठरला पाहिजे.

खाली दरीत देवळाजवळ धर्मशाळा आहे म्हणतात. वर भेटलेल्या एका बैराग्याच्या अंगाला जो वास होता त्यावरून तिची कल्पना आली. उतरलो नाही.

केशरबाईंच्या आग्रहाखातर रहेमतबीचे घर पाहिले. दरीच्या अगदी काठावर. अंगण सारवलेले, घडवंचीवर घासलेली भांडी, रजयांना उन्हाचा वास. स्वच्छ आहे, हे इथे लिहायला हरकत नाही. म्हातारी म्हणाली, "या जावई. केशर माझ्या डोळ्यांम्होरं वाढली. तुमी चूल येगळी मांडा, तुमच्या हातानं शिजवा, म्या अंगनात निजंन. पाव्हन्याला खिडकीतून पानी दिसंल."

पण दोन दगडी गडग्यांमधून पन्नास पावलांची वाट. मोटार घातली, अडकली. मैनुद्दीनने उलटी बाहेर काढली. मी उतरून शेजारी उभा राहून सूचना दिल्या. गावातली सात-आठ माणसे जमली होती. त्यातला एक दात विचकून हसला, दात पिवळे होते.

रहेमतबी म्हणाली, मोटार सडकेवर राहू द्या, पन्नास पावलं तर चालायचंय. ओव्हरसियरला चालवायचे. ही ह्या लोकांची अदब. शिवाय एका वकिलाला सगळ्या गावादेखत जावई म्हणते. नापास.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मुक्काम सापडला.

परतीच्या वाटेवर कापसातली सरकी काढायचे, आता बंद पडलेले जिन आहे. मॅनेजरचा रिकामा बंगला, पुढे कापसाच्या गाड्या वळायच्या ते मोठे गोल पटांगण. मोटार आत घातली आणि हात न उचलता एका दमात गोल फिरून फाटकातून बाहेर आली. तीन फेऱ्या घेतल्या. असे पटांगण ह्या तालुक्यात दुसरे नाही.

सडक्या सरकीचा वास येतो. खिडक्या उघडल्या की कमी होईल. धबधबा इथून अठरा मैल. मोटारीला अठरा मैल म्हणजे काही नाही.

 बीड आल्यावर मैनुद्दीन म्हणाला, "साहेब, पाव्हने तर जामखेडाकडून येणार ना?" म्हणालो, होय.  ह्या वर्गाला प्लॅनिंग समजत नाही.

१६ ऑगस्ट.
सुंदररावांना पत्र टाकले, सोबत हाताने काढलेला नकाशा आणि प्रोग्रॅम. पौर्णिमेच्या शुक्रवारी नगरहून निघावे, जामखेडवरून निजाम हद्दीत यावे, सौताड्याला न थांबता सरळ जिनावर यावे. दुपारी एकला जेवण. तीनला मुलगी. रात्री विश्रांती. शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी धबधब्याकडे निघणे.

अंजनाने नकाशा पाहिला. सतरा वर्षांची आहे, मराठी पाच इयत्ता झाली, उर्दूही वाचते. शिकवल्याचा पश्चात्ताप होतो. विचारते, "बाबा, नगरहून येताना आधी धबधबा लागतो. मग ते अठरा मैल पुढं येऊन परत अठरा मैल मागं जाणार?" मी म्हणालो, आधी मुक्काम, मग मौज, ह्याला शिस्त म्हणतात. ती म्हणाली, मला धबधबा पाहायचा आहे, इतक्या जवळ राहून कधी नेलं नाही तुम्ही. म्हणालो, शनिवारी आठ वाजून दहा मिनिटांनी.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.
जिनाची सफाई. दोन गडी लावले. पाण्याच्या हौदात मेलेली घूस. फुगलेली. गड्यांनी काठीने काढली, काठी पाण्यात धुतली, ते पाणी त्याच हौदात. मला दोनदा उलटी झाली. जेवलो नाही.

खाटांत ढेकूण. बाजेच्या प्रत्येक गाठीत वस्ती. रॉकेल ओतले. ढेकूण बाहेर येऊन थोडे फिरले आणि परत आत गेले.

२४ ऑगस्ट.
पुन्हा रॉकेल. शिवाय गंधकाची धुरी, शिवाय कडुनिंब. आता सरकी, रॉकेल, गंधक आणि घूस असा चार पदरी वास येतो. घूस निघून तीन दिवस झाले. मी उदबत्त्या लावल्या. पाचवा पदर.

सुंदररावांचे कार्ड: "पत्र व नकाशा पोचला. रस्त्यात पाहू." थोडक्यात लिहिणारा माणूस. प्रोग्रॅम मंजूर.

२६ ऑगस्ट.
केशरबाई म्हणते, जिनावर उतरवून पाव्हण्यांचा जीव घ्यायचा आहे का. कपड्यांना वास, पाण्याला वास. मी म्हणालो, तुमच्या रहेमतबीकडे मोटार आत जात नाही. ती म्हणाली, "मोटारीचं लगीन न्हाई, अंजीचं हाय."

 चुलीपुढे बसणाऱ्या माणसाशी वाद घालत नसतो.

बायकांना मोटारीतून नेणार नाही. गाद्या नुकत्या धुतल्या आहेत, आणि अंजनाचा तेल लावलेला केसांचा भार मागे टेकला की डाग पडतात. त्या बैलांच्या दमणीने येतील. केशरबाई म्हणाली, मग आम्ही उद्याच निघतो, रात्री रहेमतबीकडे राहतो, परवा दुपारी तिकडून जिनावर. परवानगी दिली. तेवढीच जिनावर गर्दी कमी.

२७ ऑगस्ट. जिन.
मैनुद्दीनने मोटार आणून पोचवली. त्याला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने पुढे सौताड्याला पाठवले. सडकेवर उभे राहायचे, पाहुण्यांची मोटार दिसली की जिनाकडे बोट दाखवायचे. एवढेच काम. पाहुणे येतील तेव्हा चाकावर मी बसलेला दिसलो पाहिजे, मिस्त्री नव्हे.

बाज बदलली. दुसऱ्या बाजेतही तेच.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा.

सकाळी ७. झोप नाही. मान, मनगटे आणि डाव्या कानामागे ढेकणांच्या गांधी. उंच कॉलरचा कोट घालणार.

९. सगळे तयार. आचाऱ्याने नारळीभात केला आहे. भातात केस. आचाऱ्याला टक्कल आहे, तेव्हा केस कुणाचा हा विचार करवत नाही. तो काढला, भात ठेवला.

११. पाऊस. फाटकाशी उभा होतो. एक मोटार गेली, त्यात कोंबड्या.

१. जेवणाची वेळ. कुणी नाही. भातावर माश्या. शफीकडच्याच असाव्यात.

२. केशरबाई आणि अंजनाही नाहीत. बायकांना वेळेचा सेन्स नसतो. ओव्हरसियर मात्र इंग्रजी खात्यात राहिलेला माणूस, तो वेळेवर यायला हवा होता. दुसऱ्या बाजूने विचार करता, इंग्रजी हद्दीतले रस्ते खराब असतील.

३. मुलगी दाखवायची वेळ. पटांगणात दोन फेऱ्या घेतल्या, इंजिन गरम राहावे म्हणून.

३॥. मैनुद्दीन सर्व्हिस मोटारीतून उतरला. एकटाच. म्हणतो, पाहुणे सकाळी साडेदहालाच सौताड्याला आले. त्याने जिनाकडे बोट दाखवले. सुंदररावांनी नकाशा काढला, जिन कुठे ते पाहिले, मग धबधब्याच्या आवाजाकडे पाहिले, आणि मोटारीतून खाली उतरले. छबुबाई, म्हणजे त्यांची पत्नी, पन्नास पावले चालत रहेमतबीच्या अंगणात गेल्या. तिथे आमच्या बायका दमणी जुंपायच्या तयारीतच होत्या. "चूल पेटलेलीच होती, साहेब. समदे जेवले. आता तुमच्यासाठी खोळंबलेत. त्यांना आजच परत नगरला जायाचंय. तुमी चला."

मी म्हणालो, प्रोग्रॅम छापील नसला तरी लेखी होता. तो म्हणाला, "लेखी होता, पर पाव्हने भुके होते."

निघालो. मी स्वतः चालवत.

५. सडकेवर. लिहायला वेळ आहे.
सतरा मैल नीट आलो. पुढे ओढा. वरच्या पावसाने पाणी आले होते, गढूळ, त्यात काटक्या, शेण, एक चप्पल. मोटार थांबवली. मैनुद्दीन धोतर वर करून आत शिरला आणि पलीकडे जाऊन परत आला. "गुडघ्याएवढं हाय, साहेब. सरका, मी काढतो." मी म्हणालो, माझ्या मोटारीतून मी मागे बसून जाणार नाही. तो म्हणाला, मग मोटार राहू द्या, मैलभर तर राहिलंय, चालत जाऊ. इथून धबधबा ऐकू येत होता.

गुडघाभर चिखल घेऊन व्याह्यापुढे उभे राहायचे. मुलीच्या बापाला काही मान असतो. त्यांनीच इकडे यावे, असा निरोप देऊन मैनुद्दीनला पाठवले. मी इथे बसलो आहे. गाडी मागे घेता येण्याजोगी जागा नाही, म्हणजे जागा अरुंद आहे.

ओढ्याला पूर आहे. निरुपाय.

६॥. मैनुद्दीन आला. कागदाच्या पुडीत साखर. म्हणाला, पाहुण्यांनी लई वाट पाहिली, पण हद्दीवर करोडगिरीचा जकातनाका लवकर बंद होतो, तेव्हा निघावे लागले. मुलगी पसंत. छबुबाईंनी कुंकू लावून ओटी भरली. "ओव्हरसियर साहेब म्हनले, वकीलसाहेबांना सांगा, काळजी करू नका."

काळजी मी केलेलीच नव्हती.

साखर तोंडात टाकली. पुडीच्या कागदाला रॉकेलचा वास होता. की माझ्या बोटांना.

मैनुद्दीनने मोटार त्या अरुंद जागेत मागे-पुढे करून वळवली. किती वेळा ते पाहिले नाही.

२९ ऑगस्ट. बीड.
घरी सगळ्यांना ओढ्याच्या पुराचे सांगितले. पुरुषभर पाणी. म्हशी वाहून गेल्या. शेजारी ऐकत होते. मैनुद्दीन दारात उभा राहून मोटारीची चावी पुसत होता.

केशरबाई म्हणाली, बरं झालं, तुमी आला न्हाई पाण्यात.  अंजनाच्या कपाळावर छबुबाईंचे कुंकू होते. मी म्हणालो, धबधबा कसा होता. म्हणाली, मोठा.

१२ सप्टेंबर.
सुंदररावांचे पत्र. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त. शेवटी लिहितात, वऱ्हाडाच्या उतरण्याची व्यवस्था सौ. केशरबाई व मैनुद्दीन मिस्त्री ह्यांनी पाहावी, वकीलसाहेबांनी तसदी घेऊ नये.

माझ्या कोर्टकामाची त्यांना कदर आहे. पत्र केशरबाईंना दाखवले नाही. तिला ते आधीच ठाऊक होते.

४ डिसेंबर, शुक्रवार.
काल लग्न झाले. वऱ्हाड बीडात शेजारच्या चार घरांत उतरले होते, म्हशीच्या बाजूने ये-जा करत. कुणी नाक धरले नाही, हे त्यांच्या नाकाचे वैगुण्य. पंगतीत उष्ट्या पत्रावळींवर कुत्री. वरणात पाणी. छबुबाईंनी रहेमतबीला मांडवात आपल्या शेजारी बसवले. म्हातारीने अंजनासाठी रजई शिवून आणली होती.

निरोपाच्या वेळी अंजना पाया पडली. उठताना हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी ओढ्याला खरंच पूर होता?"

मी म्हणालो, होता.

ती म्हणाली, बरं.

३१ डिसेंबर.
मोटार विकली. खर्चिक आणि घाण वस्तू. मैनुद्दीनने गिऱ्हाईक आणले.

नव्या वर्षाचा ठराव: काही नाही.

८ जानेवारी १९३२, शुक्रवार.
सर्व्हिस मोटारीने सौताड्याला गेलो. शेजारी बसलेल्या माणसाने माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोप काढली. त्याची लाळ कोटावर आली. हलवले नाही.

धबधबा पाहायचा राहून गेला होता. काठापर्यंत गेलो. पाणी नव्हते. काळा उघडा कडा, त्यावर शेवाळाचे वाळलेले पट्टे, खाली दरीत एक डबके. त्यात गुरे.

रहेमतबी अंगणात धान्य निवडत होती. म्हणाली, "आता आलात व्हय, जावई. पानी दसऱ्यालाच आटलं. श्रावनात या." चहा केला. प्यालो. कप पाहिला नाही.

तिने आपणहून सांगितले. त्या दिवशी पाहुणे ओटी भरायची म्हणत होते, आणि अंजना तयार होत नव्हती. ह्या गडग्याशी उभी राहिली, बीडच्या सडकेकडे बघत. छबुबाई म्हणाल्या, पोरी, धबधबा मागं आहे, तू तिकडं काय पाहतेस. म्हणाली, बाबा येतायत. मैनुद्दीन निरोप घेऊन आला तेव्हा तिने त्याला एकच विचारले, पाणी किती हाय. मग पाटावर येऊन बसली.

मैनुद्दीनने काय सांगितले ते मी रहेमतबीला विचारले नाही.

परत येताना ओढ्यापर्यंत चालत आलो. मैलभरसुद्धा नाही. कोरडा. ओलांडायला सतरा पावले. पलीकडे जाऊन सडकेच्या कडेला सर्व्हिस मोटारीची वाट पाहत बसलो. बुटांवर धूळ, दुसरे काही नाही.

घरी आल्यावर अंजनाला पत्र लिहायला घेतले. "चि. अंजना, अनेक आशीर्वाद. त्या दिवशी ओढ्याला" एवढे झाले आहे. दिव्यातले तेल संपत आले. केशरबाई विचारते, कुणाला लिहिता.